वज्रांग: सेनापतीचा यांत्रिक सांगाडा बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वज्रांग काल्पनिक आहे. न घडलेल्या एका युद्धातल्या वरिष्ठ सेनापतीसाठी कल्पिलेला, मोटरींवर चालणारा हा अंगावरचा सांगाडा. खाली दिलेली माहिती त्याचं घालून चालता येईल असं प्रतिरूप बनवणाऱ्यांसाठी आहे: स्नेहसंमेलन, एकांकिका, गणपतीतला जिवंत देखावा, शोभायात्रा, कॉस्प्ले (काल्पनिक पात्राचा वेश करणं). मापं साधारण १७० सेमी उंचीच्या माणसाची धरली आहेत.

शिपायाच्या सांगाड्यापेक्षा सेनापतीचा सांगाडा वेगळा कशात?

शिपायाला ओझं वाहायचं असतं. सेनापतीला पाहायचं, ऐकायचं, बोलायचं आणि ठरवायचं असतं. त्यामुळे वज्रांगाचे हात हलके ठेवले आहेत, बोटं मोकळी आहेत आणि सगळा भार पाठीवरच्या पेटीत आहे. त्या पेटीत बॅटरी, संदेशयंत्रणा आणि दोन अँटेना असतात. खांद्यांवर अवजड तोफा लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तो टाळा. प्रत्यक्ष रणभूमीवर अधिकारी आपला हुद्दा ठळक दाखवत नाहीत, कारण शत्रूचा नेमबाज आधी त्यालाच शोधतो. म्हणून वज्रांगावर हुद्द्याची खूण छातीवर फक्त ४ सेमीची आहे आणि रंग मातकट हिरवा. अधिकार दिसायला हवा तो चालण्यातून. सेनापती बदकासारखा डुलत आला, की बाकी सगळी मेहनत वाया. या पानावर सांध्यांबद्दल इतकं सविस्तर लिहिलं आहे ते त्यामुळेच.

हा घातल्यावर खरोखर ताकद वाढते का?

नाही. तसा दावा करून मुलांना वजनं उचलायला लावू नका.

खऱ्या यंत्रांचा इतिहास मात्र माहीत असावा, कारण आराखड्यातली मुख्य कल्पना तिथूनच घेतली आहे. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचा हार्डिमन हा सांगाडा १९६५ साली सुरू झाला. ६८० किलो उचलण्याचं त्याचं उद्दिष्ट होतं, पण अख्खं यंत्र एकदम चालू केलं की ते बेफाम झटके द्यायचं. शेवटी एकच हात धड चालला. लॉकहीड मार्टिन कंपनीचा हल्क (HULC) हा सांगाडा २००९ मध्ये पुढे आला. पाठीवरचं ९० किलोपर्यंतचं ओझं पायांच्या सांगाड्यातून थेट जमिनीवर उतरवणं हे त्याचं काम. २०१० चा रेथिऑन कंपनीचा एक्सओएस २ हा सांगाडा ताकदवान होता, पण त्याला बाहेरून तेलाच्या दाबाची नळी लागे. अमेरिकेच्या विशेष दलांनी २०१३ मध्ये जाहीर केलेला टॅलोस हा चिलखती पोशाखाचा प्रकल्प २०१९ मध्ये गुंडाळला गेला.

अडतं कुठे, तर १०० किलो वजन एक मीटर उचलायला जेमतेम ९८१ जूल लागतात, ती काही फार मोठी ऊर्जा नाही. खरी ऊर्जा जाते ती माणूस नुसता उभा असतानाही मोटरींना ताण धरून ठेवावा लागतो त्यात, आणि प्रत्येक पावलाला यंत्राचे स्वतःचे जड पाय पुढे ओढण्यात. वज्रांगात हल्कची एकच कल्पना घेतली आहे: पेटीचं वजन खांद्यावर न ठेवता कमरेवर, आणि कमरेवरून जमिनीवर.

आधी चिलखत बनवू की सांगाडा?

सांगाडा. नेहमीच सांगाडा. धातूच्या पट्ट्या, कमरेचा पट्टा आणि सांधे जोडून अर्धा तास घरात फिरा, दोन जिने चढा-उतरा, खुर्चीवर बसून उठा. हे जमल्याशिवाय चिलखताच्या फोमला कटर लावू नका. बहुतेक जण छाती आणि हेल्मेट आधी करतात, कारण फोटोत तेच दिसतं. मग आठ दिवस उरले असताना पाय जोडायला घेतात आणि मांडी वळतच नाही.

साहित्य किती लागतं?

अ‍ॅल्युमिनियमची सपाट पट्टी, २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड, ६ मीटर. या पट्टीचं वजन मीटरला सुमारे २०० ग्रॅम भरतं, म्हणजे सगळा सांगाडा सव्वा किलोत होतो. नितंब, गुडघे, घोटे आणि कोपरं मिळून ८ सांधे होतात. प्रत्येकी एक ८ मिमीचा बोल्ट, दोन नायलॉन वॉशर आणि एक नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) घ्या. साधा नट घेतलात तर शंभरेक पावलांत ढिला होतो, कारण सांधा हलताना तोच फिरत असतो.

चिलखतासाठी ईव्हीए फोम (रबरासारखा लवचीक फोम): १० मिमीचा ४ चौरस मीटर, ५ मिमीचा ३, २ मिमीचा २. ५० मिमी रुंदीची नायलॉन पट्टी ८ मीटर, त्याच मापाची क्लिप बकलं १२. कमरेसाठी ट्रेकिंगच्या जुन्या पिट्टूचा गादीवाला पट्टा सगळ्यात उत्तम. कापडाचा शिवून घेतलेला पट्टा घाम आला की घसरतो. रबर अ‍ॅडहेसिव्ह दीड लिटर. कटरची पाती मोजून घेऊ नका, डबाच घ्या. फोम पातं फार लवकर बोथट करतो आणि बोथट पात्यानं कडा फाटल्यासारखी निघते.

बूट, हेल्मेट, बॅटरी धरून सगळं १२ किलोच्या आसपास बसायला हवं. १५ च्या वर गेलं तर काहीतरी काढा, बहुतेक वेळा खांद्यावरचं.

नागपुरात हे सगळं कुठे मिळतं?

पट्ट्या आणि नट-बोल्ट इतवारीत, लोहाओळीच्या बाजूला. पट्टी दुकानातच कापून घ्या, बारा फुटी लांबी ऑटोतून नेणं धोक्याचं. नायलॉन पट्टी आणि बकलं बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतात. आतल्या अंगरख्याचं कापड गांधीबागेत. एलईडी पट्टी, पंखे, स्विच सीताबर्डीवर. १० मिमीचा फोम व्यायामाच्या सामानाच्या दुकानात जोडता येणाऱ्या चटयांच्या रूपात मिळतो. घेताना अंगठ्यानं दाबून बघा: खळगा लगेच भरून आला तर घ्या, खळगा राहिला तर तो हलका फोम आहे, तापवल्यावर सुरकुततो.

पाठीची पेटी फोमऐवजी बांबूच्या कामट्यांवर कागद-कापड चढवून करायची असेल, तर चितार ओळीत मूर्ती आणि देखाव्यांचं काम करणारे कारागीर त्यात मुरलेले आहेत. अशी पेटी फोमच्या पेटीपेक्षा हलकी होते. पावसाळ्यात मात्र वरून पक्का रंग हवाच.

कमरेचा सांधा अडतो, पाय फाकवता येत नाही. काय चुकलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

मांडी तीन प्रकारे हलते: पुढे-मागे, बाजूला आणि स्वतःभोवती. एका बोल्टनं फक्त पुढे-मागेची हालचाल मिळते. बाकी दोन अडवल्यावर शरीर तोल सांभाळायला कंबर हलवतं, आणि तीच ती बदकाची चाल.

उपाय महागडा नाही. कमरेच्या पट्ट्याच्या बाजूला आधी २ इंची दाराची बिजागरी उभी न लावता आडवी लावा, म्हणजे तिची पिन शरीराच्या पुढून मागे जाईल. बिजागरीच्या खालच्या पानाला ८ मिमीचा बोल्ट, आणि त्या बोल्टला मांडीची पट्टी. बिजागरी पाय बाजूला जाऊ देते, बोल्ट पुढे-मागे. स्वतःभोवती फिरण्यासाठी वेगळा सांधा करू नका, मांडीचा बंद दोन बोटं सैल ठेवला की तेवढं फिरणं भागतं.

बोल्टची जागा: ताठ उभं राहून गुडघा वर उचला. मांडीच्या बाहेरच्या अंगाला जे हाड हाताला फिरताना लागतं, त्याच्या किंचित वर. ही जागा दोन सेमीनं चुकली तरी बसताना पट्टा वर सरकतो आणि बरगड्यांत घुसतो. नट पूर्ण आवळून मग पाव फेरा मागे घ्या. पट्टी स्वतःच्या वजनानं सावकाश खाली आली तर बरोबर, धाडकन पडली तर ढिली.

गुडघ्याजवळचा बंद चालताना खाली का घसरतो?

कारण माणसाचा गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एका जागी फिरत नाही. तो वळताना त्याचा मध्यही सरकतो. तुमचा बोल्ट मात्र जागचा हलत नाही. दोघांतला फरक प्रत्येक पावलाला बंद ओढतो.

हा फरक पूर्ण घालवता येत नाही, पण सामावून घेता येतो. बोल्ट गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेपेक्षा साधारण २ सेमी वर, आणि पायाच्या मध्यापेक्षा थोडा मागे ठेवा. नडगीच्या पट्टीला खाली भोकाऐवजी ३० मिमी लांबीची उभी खाच पाडा, म्हणजे घोट्याचा बोल्ट तिच्यात वर-खाली सरकेल. खाचेच्या कडा कानशीनं घासून गोल करा. धारदार राहिल्या तर नायलॉन वॉशर एका कार्यक्रमात कापला जातो.

एक गोष्ट सोडू नका: गुडघ्याच्या पट्टीला ५ मिमीचा अडकबोल्ट लावा, ज्यामुळे सांधा सरळ रेषेच्या पुढे जाणार नाही. तो नसेल आणि कुणी मागून धक्का दिला, तर पट्टी गुडघ्याला उलट्या दिशेनं दाबू शकते. अडकबोल्ट नसलेला सांगाडा कुणाच्याही अंगावर चढवू नये, विशेषतः मुलांच्या.

चिलखताची मापं कशी घ्यायची?

जुना टीशर्ट घालून त्यावर स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा, वर मास्किंग टेपचे दोन थर द्या. मार्करनं तुकड्यांच्या रेषा काढा आणि जुळणीच्या खुणा करा. मग कात्रीनं कापून चार्ट पेपरवर उतरवा. फिल्म गळ्याभोवती आणि चेहऱ्यावर कधीही गुंडाळू नका. फोमवर उतरवताना चारी बाजूंनी एक सेमी वाढवा, कारण फोमची जाडी आतून जागा खाते. खांद्यांची एकूण रुंदी ७५ सेमीच्या आत ठेवा. सभागृहाचे मागचे दरवाजे आणि विंग यांतून आडवं न होता जाता आलं पाहिजे.

जोड उन्हाळ्यात उघडतात. गोंद खराब आहे का?

बहुधा गोंद ठीक असतो, थांबण्याचा वेळ चुकलेला असतो. एसआर ९९८ सारखा रबर अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही कडांना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. थंडीत याला १० ते १५ मिनिटं लागतात. मे महिन्यात कोरड्या हवेत हेच काम निम्म्या वेळात होतं, आणि घड्याळ लावून बसलेला माणूस उशीर करतो. गोंदाची साय पूर्ण मेली की दोन कडा नुसत्या टेकतात, धरत नाहीत. पावसाळ्यात उलट: ओलावा गोंदावर बसतो आणि पांढरट पडदा येतो. तो दिसला तर हेअर ड्रायर फिरवून पुन्हा एक पातळ हात द्या.

दुसरं कारण बंद गाडी. उन्हात उभ्या गाडीत तापमान सहज ६० च्या वर जातं. हीट गननं (गरम हवा सोडणाऱ्या हत्यारानं) दिलेला गोलावा तिथे सैल पडतो, छाती सपाट होते आणि त्या ताणानं जोड उघडतो. कार्यक्रमाला जाताना चिलखत शेवटी भरा आणि पोहोचल्यावर आधी काढा.

या गोंदाची वाफ डोक्यात जाते. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेला, आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

थर्मोकोल वापरला तर?

नको. रबर अ‍ॅडहेसिव्ह आणि स्प्रे रंग दोन्ही त्याला विरघळवतात.

रंग तडकतो त्याला काय करावं?

फोम वाकतो, गाडीचा स्प्रे रंग वाकत नाही. मधे लवचीक थर हवा. आधी हीट गन सगळ्या पृष्ठभागावरून फिरवा. फोमला किंचित चमक आली की छिद्रं मिटली, पुढे सरका. मग गच्चीला मारतात ते लवचीक अ‍ॅक्रिलिक वॉटरप्रूफिंग थोडं पाणी घालून, पातळ असे तीन हात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग. पांढरा फेविकॉलही थर देतो, पण घामानं आणि पावसानं चिकट होतो. टाकाऊ तुकड्यावर आधी करून बघा आणि तो तुकडा दुमडून बघा.

बूट किती उंच करता येतील?

५ सेमी. ७ च्या पुढे घोटा मुरगळण्याची भीती खरी आहे. तळाला सायकलचा जुना टायर चिकटवा, सभागृहाच्या गुळगुळीत फरशीवर फोम साबणासारखा सरकतो. घोट्याचा बोल्ट बुटाच्या तळातून वर आलेल्या पट्टीला जोडा, बुटाच्या कापडाला नाही. नाहीतर पेटीचं वजन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, सगळं पुन्हा खांद्यावर येतं.

बॅटरी कोणती, आणि किती वेळ चालते?

१८६५० आकाराचे ६ लिथियम-आयन सेल, तीन एकामागे एक (सिरीज) आणि अशा दोन रांगा समांतर (पॅरलल), म्हणजे ११.१ व्होल्ट. २५०० एमएएचचे सेल घेतले तर सुमारे ५५ वॉट-तास मिळतात. मीटरला ४.८ वॉट खाणारी एलईडी पट्टी २ मीटर, ८० मिमीचे दोन पंखे आणि हेल्मेटमधला ४० मिमीचा एक, मिळून १५ वॉट. बॅटरी पूर्ण न रिकामी करता तीन तास निघतात. चुकून मीटरला १४.४ वॉटची ५०५० पट्टी आणलीत तर सव्वा तासात अंधार. दुकानात मागताना आकडा बोलून मागा.

बीएमएस बोर्ड (सेलना जास्त चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारा) हवाच. फ्यूज ३ अँपिअरचा, आणि तो बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांच्या आत. बरेच जण तो दिव्याजवळ लावतात. मग मधली वायर सांध्यात चेपून शॉर्ट झाली तर फ्यूजला पत्ताच लागत नाही. प्रत्येक सांध्याजवळ वायरीला एक सैल वळसा द्या.

अँटेना हलत्या हव्या असतील तर एमजी९९६आर सर्व्हो (ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) पुरतो. तो अडकला की अडीच अँपिअर खेचतो, म्हणून त्याला वेगळा ६ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) द्या आणि त्याच्या फाट्याला वेगळा फ्यूज. आर्डुइनो या नियंत्रक बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर जोडला की बोर्ड सारखा रीसेट होत राहतो.

हेल्मेटमध्ये धुकं धरतं, आवाजही बाहेर येत नाही.

पंखा हनुवटीखालून हवा आत घेणारा आणि माथ्यामागे बाहेर सोडायला तेवढंच मोठं भोक. भोक लहान असेल तर पंखा नुसता घोंघावतो. डोळ्यांसमोरच्या काचेला आतून भांड्यांच्या साबणाचा थेंब चोळून कोरड्या कापडानं पुसा. मान न झुकवता दीड मीटरवरची जमीन दिसली पाहिजे, नाही दिसली तर काच खालून कापा.

आवाजासाठी शिक्षक कमरेला लावतात तो छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. स्पीकर छातीवर लावला की माइकशी भांडून शिट्टी वाजते. तो पाठीच्या पेटीत, तोंड बाहेर करून लावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात घालावा का?

एप्रिल-मे मध्ये दुपारी उघड्यावर नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. पारा ४५ च्या आसपास असताना बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम असते. अंगाला थंडावा मिळायचा तो फक्त घाम सुकण्यातून, आणि फोम तेच अडवतो. कोरड्या हवेत पंखे निदान घाम सुकवतात. जुलैच्या दमट हवेत तापमान कमी असूनही पंख्याचा उपयोग कमी, हे अनेकांना उलटं वाटतं.

संध्याकाळच्या कार्यक्रमातही २० मिनिटं घालून २० मिनिटं उतरवा. आत सुती बनियन, मानेवर ओला दुपट्टा, घालण्याआधी आणि उतरवल्यावर ओआरएस. सोबत एक माणूस कायम हवा, ज्याचं काम फक्त घालणाऱ्याकडे बघणं आहे. दर पाच मिनिटांनी त्यानं एक साधा प्रश्न विचारायचा: आज वार कोणता, समोर कोण उभं आहे. उत्तर अडखळलं, मळमळ सुरू झाली किंवा घाम अचानक थांबला, तर कार्यक्रम चालू असला तरी सगळं उतरवायचं, सावलीत झोपवून अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. यासाठीच बकलं क्लिपची घेतली आहेत. हेल्मेट, पेटी, छाती, कंबर या क्रमानं ३० सेकंदांत माणूस मोकळा झाला पाहिजे. घालण्याच्या सरावाइतकाच उतरवण्याचा सराव करा, घड्याळ लावून.

खांद्यावर खऱ्या सैन्याची चिन्हं लावली तर चालेल?

लावू नका. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूनं सैनिकाचा गणवेश किंवा तशी खूण वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. रंगमंचावर तो हेतू नसतो, पण मेकअप करून रस्त्यावर चहा प्यायला उतरलात की पाहणाऱ्याला ते कसं कळणार? अशोकस्तंभावरचे सिंह तर नकोच, त्यांच्या वापरावर २००५ चा वेगळा कायदा आहे. आपल्या लष्करात मेजर आणि त्यावरच्या बहुतेक हुद्द्यांच्या खांद्यावर ते असतात आणि ज्यांनी ते कमावले त्यांच्याकडेच शोभतात. वज्रांगासाठी तीन आडव्या रेषा आणि एक त्रिकोण अशी काल्पनिक खूण आहे, तीच वापरा.

कार्यक्रमाच्या ठिकाणी न्यायचा कसा?

सुटा करून, दोन गोण्यांत आणि एका खोक्यात. बॅटरी काढून वेगळी, टोकांना टेप लावून. मेट्रोनं नेऊ नका, वायरी आणि सेल असलेली पेटी तपासणीत अडकणारच आणि सुरक्षारक्षकाचं चुकत नाही. घालून तर कुठेही गाडी चालवू नका. कामठी छावणी, अंबाझरीची आयुध निर्माणी आणि वायुसेनानगर या भागांत फोटो काढायला जाऊ नका. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी बंदोबस्त असतो. तिथल्याच देशपांडे सभागृहात त्याच दिवसांत प्रयोग असेल तर आयोजकांकडून लेखी पत्र घ्या आणि सभागृहाच्या आत गेल्यावरच सांगाडा जोडा.

एकाच्या मापाचा सांगाडा दुसऱ्याला बसतो का?

पट्ट्या दोन तुकड्यांत करून एकमेकींवर सरकवल्या आणि २५ मिमीच्या अंतरानं पाच भोकं पाडली, तर १६५ ते १७६ सेमीपर्यंत बसतो. मांडी आणि नडगी दोन्ही सारख्याच भोकांनी वाढवू नका. आधी गुडघ्याचा बोल्ट जागेवर आणा, मग घोट्याकडे या. चिलखतात छाती बहुधा चालून जाते, मांडीचे तुकडे मात्र नवे कापावे लागतात.